दूध माझं, मांडी त्यांची

विमलताई ज्या घरात शिरतील तिथलं रडतं मूल गप्प व्हायचं. हे मी कौतुकानं सांगत नाही. कौतुक करायला सौंसरमधली आमची अख्खी गल्ली आहे, तिथे माझी भर नको. मी फक्त जे होतं ते सांगते आहे, आणि जे होतं ते मला कधीच आवडलं नाही.

त्या माझ्या मोठ्या जाऊ. मी पांढुर्ण्याहून लग्न करून आले तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या आणि घर विमलताईंच्या हाती होतं. मी बी.एड. झालेली, शाळेत नोकरी असलेली. मला वाटलं होतं, घरात माझ्या शब्दाला थोडं वजन येईल. पण विमलताईंचा आवाज ओसरीवरून निघाला की चौकापर्यंत जायचा, त्यात माझ्या शब्दाचं काय होणार! दिसायलाही त्या माझ्याहून उजव्या. उंच, सावळ्या, नाकात मोठी खडी, आणि हसल्या की समोरच्यालाही हसावंच लागायचं.

'पक्का सांगतो' हे त्यांचं पालुपद. आमच्याकडच्या बायका 'सांगते' म्हणत नाहीत, 'सांगतो' म्हणतात, आणि विमलताई तर असं म्हणायच्या की जणू तहसीलदारानं शिक्का मारला. "आज पाणी येत नाही, पक्का सांगतो," म्हणाल्या की मी निमूट छत्री घ्यायची. संत्र्याचा भाव चढणार म्हणाल्या की उतरायचा. पोटुशी बाई दिसली की तिला मुलगा होणार हे ठरलेलं, मलाही त्यांनी मुलगाच सांगितला होता. इतकं चुकूनही त्यांना कुणी कधी नावं ठेवली नाहीत. "विमलताईनं सांगतलं होतं ना," म्हणत लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच विचारायला यायचे. मी एखाद्या पोराच्या पेपरात अर्धा मार्क कमी मोजला तर त्याचा बाप शाळेत येऊन उभा राहतो.

संत्र्यांच्या दिवसांत दुपारी त्या ओट्यावर टोपली घेऊन बसायच्या आणि गल्लीतली पोरं भोवती गोळा व्हायची. एकेक फोड सोलून, वरचे दोरे काढून, बी काढून त्या पोरांच्या तोंडात घालायच्या. स्वतः खायच्या नाहीत, नुसती बोटं चाटायच्या. मीही एकदा बसले टोपली घेऊन. दोन पोरं आली, त्यातलं एक म्हणालं, "काकू, तुमच्या फोडीत बिया राह्यतात." आणि दोघंही उठून पलीकडे गेली.

आता मुलीची गोष्ट.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. माहेर म्हणजे पांढुर्ण्याचा सुधाकरदादा, एवढंच उरलेलं. म्हणून बाळंतपण सासरी, म्हणजे विमलताईंच्या राज्यात. सौंसरच्याच एका दवाखान्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली. तिला माझ्याजवळ आणलं तेव्हा तिचं तोंड पूर्ण मिटत नव्हतं. वरच्या हिरडीवर, अगदी समोर, एक गुलाबी गोळा लोंबत होता. गुळगुळीत, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढा. मी किंचाळले असेन, कारण डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "असं मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. श्वास चांगला चालू आहे. पण मधे गाठ असल्यामुळे तिला दूध ओढता येणार नाही. तुम्हाला बसता यायला लागलं की नागपूरला दाखवा. तोवर दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा."

विमलताईंनी मोबाइलची बॅटरी लावली, लेकीच्या तोंडात वाकून पाहिलं आणि निकाल दिला.

"दात हाये. वरचा दात येऊन राह्यला. पक्का सांगतो."

"ताई, हात लावून पाहा. मऊ आहे तो," मी म्हणाले.

"कच्चा दात मऊच असते वं! शिकलेली बाई तू, एवढं नाही समजत?"

झालं. दाताचं ठरलं तसं पुढचंही ठरलं. बाळाला आधी वरचा दात आला की ते मामावर भारी, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे तर दात घेऊनच जन्मलेली! आता मामानं तिचं तोंड पाहायचं नाही, आधी तेलात प्रतिबिंब पाहायचं, मग समोरून. नागपूरला न्यायला ताईंची ना नव्हती. "डाक्टर दात काढते तं काढू दे," एवढंच त्यांचं म्हणणं. पण मामाला तोंड पाहू द्यायचं नाही म्हणजे नाही. आणि मामा म्हणजे माझं उरलंसुरलं माहेर.

दूध पाजण्याचंही तसंच झालं. मी दूध काढून वाटीत द्यायची. पहिल्यांदा मीच पाजायला घेतलं. टाके ओढत होते, चमच्यातलं दूध गालावरून कानात गेलं आणि लेकीला ठसका लागला. ती निळी पडते की काय असं वाटलं. विमलताईंनी काही न विचारता तिला उचललं, मांडी घातली, डोकं जरा वर धरलं, आणि चमचा त्या गोळ्याच्या बाजूनं अलगद आत नेला. घुटुक. पुन्हा घुटुक. वाटी संपली. लेक डोळे मिटून त्यांच्या पदरात झोपली.

"रडू नोको वं," त्या म्हणाल्या, आणि मला कळेना हे तिला की मला. "सवय नाही तुले. होईन."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. रोज तेच. मी दूध काढायचं आणि त्यांच्या मांडीवर ती तृप्त व्हायची. त्यांच्या बांगड्या वाजल्या की ती मान वळवायची. मी हाक मारली तर नाही. मी तिच्यासाठी महिनोन् महिने विचार करून ऋतुजा हे नाव ठेवलं होतं. विमलताईंनी छकू म्हटलं, आणि आजही गल्लीत ऋतुजा कोण असं विचारलं तर लोक विचारात पडतात. खाटेवर पडून काढलेल्या त्या दिवसांत मला एकच भीती होती. नागपूरला गाठ काढतील, ती बरी होईल, पण तोवर ती माझी राहिलेली नसेल. ती मला घेणारच नाही.

दादा मोटरसायकलवरून डिंकाचे लाडू घेऊन आला. फाटकातच विमलताई आडव्या.

"मामाजी! थांबा तिथंच. आत याचं नाही."

त्यांनी दादाला ओट्यावर दाराकडे पाठ करून बसवलं. काशाच्या थाळीत तेल ओतून त्याच्यासमोर धरली. मागे दारात लेकीला उंच धरून उभं राहायचं काम माझ्या नवऱ्याला, प्रमोदला दिलं. मी आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होते.

"दिसलं का तोंड?"

"पंखा दिसते, ताई."

"थाळी वाकडी करा उलशीक. आता?"

"आता तुमी दिसता."

"मंग हे काही खरं नाही. पुन्हा करू. तोवर डायरेक पाह्याचं नाही."

मी आतून ओरडले, "दादा, सरळ आत ये! दात नाही तो!" आणि माझा सख्खा भाऊ, ज्याला मी लहानपणापासून राखी बांधत आले, तो हसत म्हणाला, "राहू दे ना बाई. ताई म्हणून राह्यल्या तं आपलं काय जाते?" लाडूंचा डबा त्यानं ताईंच्या हातात दिला. जाताना म्हणाला, "भल्या बाई आहेत हो." माझी विचारपूस त्यानं खिडकीतून केली.

नागपूरला जायचं ठरलं तेव्हा गाडी दादानंच मित्राची आणली, आणि चालवणारही तोच. मग विमलताईंनी काय करावं? त्यांनी आपलं हिरवं लुगडं आणलं आणि पुढच्या सीटमागे या दारापासून त्या दारापर्यंत पडद्यासारखं बांधलं. समोरचा आरसा आकाशाकडे फिरवला. अशा गाडीत आम्ही निघालो. पुढे दादा आणि प्रमोद, लुगड्यामागे मी, ताई आणि त्यांच्या मांडीवर माझी मुलगी. प्रत्येक खड्ड्याला माझे टाके हलत होते आणि ताई लुगड्यापलीकडे ओरडत होत्या, "मामाजी, रस्त्याकडं पाहा, मागं पाहू नोका!"

मध्य प्रदेश संपून महाराष्ट्र लागतो त्या हद्दीवर पोलिसानं गाडी अडवली. पडदा पाहून त्याला संशय आला असणार. मला वाटलं, आता तरी कुणी शहाणा माणूस यांना वेड्यात काढेल. ताईंनी काच खाली करून त्याला सगळं सांगितलं, दातापासून तेलापर्यंत. तो लक्ष देऊन ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं केलं बाई. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही ऐकलं नाही तर मी पायरीवरून पडलो होतो." आणि त्यानं पडद्याचं सुटलेलं टोक स्वतः खोचून दिलं. कपाळाला हात लावण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं गोळा हलवून पाहिला. बारीक देठावर तो लोंबत होता. "दात नाही हा," ते म्हणाले. "हिरडीवरची गाठ आहे. पोटात असतानाच वाढलेली. फार क्वचित दिसते, आणि बहुधा मुलींनाच होते. साधी आहे. तपासणीला पाठवू, पण हा कॅन्सर नाही असंच मला वाटतं. देठापासून काढली की काम झालं. शक्यतो पुन्हा येत नाही. दातही वेळेवर येतील."

"दात नाही?" विमलताईंनी विचारलं.

"नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

या क्षणाची मी दवाखान्याच्या त्या पहिल्या दिवसापासून वाट पाहत होते. आता त्या माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, तू सांगत होतीस बाई, आम्हीच ऐकलं नाही. मी चेहराही तयार ठेवला होता. विमलताईंनी लेकीला उचललं आणि सरळ बाहेर धावल्या, गाडीशी उभ्या दादाकडे. मी टाके धरून मागोमाग गेले, तोवर उशीर झाला होता.

"मामाजी, पाहा! पाहा हो आता! दात नाही म्हणते डाक्टर!"

दादा लेकीला पाहून रडला, ताईंच्या पाया पडला. आजही पाहुण्यांत बसला की सांगतो, "मले भाची दाखवली तं विमलताईनं." मी पहिल्या दिवसापासून बरोबर होते, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मलाच ते अधूनमधून सांगावं लागतं, आणि सांगितलं की लोकांना मी कोत्या मनाची वाटते.

गाठ काढायला फार वेळ लागला नाही. लेकीला बाहेर आणलं तेव्हा तिचं तोंड पहिल्यांदा मिटलेलं होतं. इतकी देखणी दिसली की मी तिला ओळखलंच नाही. तिला जाग आल्यावर डॉक्टरांना विचारून नर्स म्हणाली, आता छातीशी घ्या, तिला जमेल.

तिला जमेना. तिनं कधी ओढलंच नव्हतं. तोंड उघडायची आणि चमच्याची वाट पाहायची. मग रडायची. नर्स शिकवत होती, मी घामाघूम. तेवढ्यात बाहेरून, वऱ्हांड्यातून ताईंचा आवाज आला. त्या कुणाला तरी पडद्याची गोष्ट सांगत होत्या, हातवारे करत असणार, बांगड्या वाजत होत्या. आणि माझ्या कुशीतली ती एवढीशी मान आवाजाकडे वळली.

"त्या कोण?" नर्सनं विचारलं. "बाळ त्यांना शोधतंय."

ज्याची मला भीती होती ते एका परक्या बाईनं तोंडावर सांगितलं. मी रडत म्हणाले, "त्यांनाच बोलवा. आणा त्यांनाच. वाटी-चमचाही आणा." नर्स बाहेर गेली. तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. ताईंचा आवाज बंद झाला. त्या आत आल्या नाहीत. बांगड्यांचाही आवाज थांबला. वऱ्हांड्यात इतर लोकांची कुजबुज चालू होती, पण लेक ज्या आवाजाकडे कान लावून होती तो आलाच नाही. ती रडली, थकली, पुन्हा रडली, भुकेनं कासावीस झाली. आणि मग कशी कोण जाणे, लागली. जोरात ओढायला लागली, दुखेपर्यंत. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई विचारत होती काय झालं म्हणून.

ती झोपल्यावर मी भिंत धरत बाहेर गेले. ताईंना दाखवायला गेले, दुसरं काही नाही. जिंकले होते मी. त्या वऱ्हांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीशी जमिनीवर बसल्या होत्या. पदराचं टोक दातांत धरलेलं. बांगड्या साबण लावून उतरवलेल्या, रुमालात बांधून मांडीवर ठेवलेल्या. सवाष्णीनं रिकामे हात ठेवू नयेत म्हणून दोन्ही मनगटांना दवाखान्याची पांढरी पट्टी गुंडाळलेली. शनिवारी नखं कापली तर ओरडणारी ही बाई. मला पाहून त्यांनी नुसती मान वर केली, पेली का, अशी. मी हो म्हणाले. त्यांनी पट्टी बांधलेले हात जोडले, देवाला की कुणाला ते मी विचारलं नाही.

दवाखान्यातून सुटेपर्यंत त्या लेकीच्या आसपास एक शब्द बोलल्या नाहीत. विमलताई आणि गप्प! प्रमोदला वाटलं त्यांना बरं नाही. आणि घरी आल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या त्या विमलनं नागपुरात बांगड्या उतरवल्या हे ऐकायला. माझी मुलगी पहिल्यांदा माझं दूध ओढून प्याली, हे ऐकायला एकही आली नाही. म्हणजे तिथेही त्यांचीच गोष्ट मोठी झाली. असं देऊन टाकणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. पुढे छकूला दात आले ते रीतसर खालचे आधी. विमलताईंनी गल्लीत पेढे वाटले आणि म्हणाल्या, "सांगतलं नव्हतं का मी? खालचेच येईन. पक्का सांगतलं होतं!" मी पेढा खाल्ला.

छकू बोलायला लागली तेव्हा मला मम्मी म्हणाली आणि त्यांना माय. शाळेतून येऊन दप्तर माझ्याकडे फेकायची आणि पोटातलं सगळं मायकडे जाऊन सांगायची. कुणाशी कट्टी, कुणी चिमटा काढला, मम्मी वर्गात कशी चिडली. पांढुर्णा जिल्हा झाला त्या वर्षी ताईंनी मला छळ छळ छळलं. "आता तुह्यं माहेर जिल्हा, आम्ही तालुका. कलेक्टरीणबाई, चहा घेता का?" छकूही त्यांच्याबरोबर मला कलेक्टरीणबाई म्हणायला लागली, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसायच्या. त्या हसण्यात मला कधी जागा सापडली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताईंच्या जबलपूरला राहणाऱ्या मुलाला मुलगी झाली. सून नोकरीवाली, सांभाळायला कुणी नाही. ताईंना बोलावणं आलं. राहायलाच या, म्हणाला. भासऱ्यांसह, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांसह, त्या निघाल्या. छकू शाळेत असताना निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "रडते थे. मले पाहवत नाही," म्हणाल्या.

माझ्या मनासारखंच होत होतं. मूल पूर्ण माझं. त्या दिवशी पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीबाही लिहीत होते, शेवटी खडू ठेवून दिला. छकू माझ्याच शाळेत, मी हेडमास्तरांना सांगून तिला तिच्या वर्गातून काढलं आणि स्कूटरवर बसवून बसस्टँडवर नेलं. जबलपूरच्या वाटेवरच्या छिंदवाड्याची बस लागलेली होती. छकू खिडकीखाली उभी राहिली, ताईंनी खिडकीतून हात काढून तिचे गाल धरले, आणि दोघींपैकी कुणीच रडलं नाही. ताई तिला चिवड्याचा डबा कुठल्या फळीवर ठेवलाय ते सांगत होत्या. माझ्याशी बोलायला वेळच उरला नाही. बस सुटली.

छकू स्कूटरवर मागे बसली. मी घराकडे वळवणार, तेवढ्यात म्हणाली, "मम्मी, रामाकोन्याले थांबते बस. जोऱ्यानं चालव ना."

रामाकोना हे छिंदवाड्याच्या रस्त्यावरचं गाव. मी का ऐकलं मला माहीत नाही. मी आयुष्यात एवढ्या वेगानं गाडी चालवली नव्हती. दोन्ही बाजूंनी कापूस आणि संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या आणि माझ्या डोक्यात जबलपूरची ती पोर होती. आता ती त्या मांडीवर झोपणार. तिच्यासाठी फोडीतल्या बिया निघणार. वर्षानुवर्षं मी ताईंवर जळत आले, आणि आता एका पाळण्यातल्या पोरीवर जळत होते, कारण ती त्यांना आमच्याकडून घेऊन चालली होती.

रामाकोन्याला बस उभी होती. शेवटची माणसं चढत होती. छकू उतरायच्या आत बस हलली. ती मागूनच "माय!" म्हणून ओरडली. खिडकीतून विमलताईंचं डोकं बाहेर आलं, मग खांदा, मग अर्ध्या त्याच. मला वाटलं, हसतील. रडतील तरी. त्यांनी छकूकडे पाहिलं, मग स्कूटरकडे, मग थेट माझ्याकडे, आणि साऱ्या रामाकोन्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या,

"काय वं हे! एवढ्या जोऱ्यानं आणली तिले? हळू नेजो घरी! पोरगी हाये मागं!"

भासऱ्यांनी त्यांना आत ओढलं असेल, कारण मग नुसता हात दिसत राहिला, बस वळणावर जाईपर्यंत. छकू माझ्या पाठीला डोकं टेकून रडत होती. मी गाडी फिरवली आणि हळू नेली.